शेजारच्या भागापेक्षा आमच्याकडे स्तनाचा कर्करोग दुप्पट? नकाशातला आकडा कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई ४२ वर्षांच्या आहेत. स्तनाच्या कर्करोगाचा विभागवार नकाशा त्यांच्या पाहण्यात आला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगाचा दर त्यांच्या भागात शेजारच्या भागाच्या दुप्पट दाखवलेला आहे. त्या शेजारच्या भागात त्यांची ५१ वर्षांची थोरली बहीण राहते. त्या विचारतात, आमच्या पाण्यात किंवा हवेत काही आहे का? इथून हलावं का? आणि शेवटी सहज एक ओळ लिहितात: ताईला महिन्याभरापासून काखेजवळ काहीतरी जाड लागतंय, पण दुखत नाही, आणि ‘आमच्याकडे हा आजार कमीच आहे’ म्हणून ती थांबली आहे.

त्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. ताईंनी थांबू नये. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही म्हणजे साधी असणार’ या समजुतीपायी सहा-आठ महिने घालवून आलेल्या बायका मी इतक्या पाहिल्या आहेत, की हे वाक्य कानावर आलं तरी मला अस्वस्थ व्हायला होतं. त्यात आता एका नकाशाने भर घातली, म्हणून नकाशाबद्दल जरा सविस्तर लिहिते. मी कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करते आणि बरीच वर्षं कर्करोग नोंदणीच्या कामातही होते, त्यामुळे हे आकडे कुठून निघतात ते जवळून पाहिलेलं आहे.

‘सुरुवातीच्या टप्प्यातला कर्करोग’ हा आकडा आजार किती आहे एवढंच सांगत नाही. आजार किती सापडला आणि किती लवकर सापडला, हेही त्यात मिसळलेलं असतं. दीड सेंटिमीटरची गाठ स्वतःहून कुणाला दिसत नाही. ती सापडते तेव्हा कुणीतरी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) केलेली असते, किंवा बाईने स्वतः चाचपून पाहिलेलं असतं, किंवा एखाद्या परिचारिकेने दुसऱ्याच कारणासाठी आलेल्या बाईला तपासलेलं असतं. जिथे यातलं काहीच होत नाही, तिथे ती गाठ नोंदीत येत नाही. म्हणून ती नसते असं नाही. ती वाढते, काखेतल्या लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथींत) जाते, कधी हाडात किंवा यकृतात पोचते, आणि मग पुढच्या टप्प्याच्या रकान्यात नोंदली जाते. म्हणजे एखाद्या भागात सुरुवातीच्या टप्प्याचा दर कमी दिसण्याची दोन अगदी उलट कारणं असू शकतात. तिथे आजार खरोखरच कमी असेल, किंवा तिथे तो उशिरा सापडत असेल. नकाशावरचा फिका रंग दोन्हीकडे सारखाच दिसतो.

यातला सर्वांत ठळक नमुना म्हणजे ‘डीसीआयएस’. हा दुधाच्या नळीच्या आतच असलेला, नळीची भिंत न ओलांडलेला कर्करोग. याला शून्यावा टप्पा म्हणतात. याची गाठ बहुधा हाताला लागतच नाही. मॅमोग्रामवर चुन्याच्या बारीक ठिपक्यांसारखा दिसतो, तेवढीच त्याची खूण. मॅमोग्राफीच्या आधीच्या काळात तो क्वचितच सापडायचा. आज अमेरिकेत नव्याने निदान होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण पाचवा हिस्सा डीसीआयएसचा असतो. मॅमोग्राफीचं यंत्र नसलेल्या भागात डीसीआयएसचा दर जवळजवळ शून्य येणार, हे सांगायला अभ्यास करावा लागत नाही. म्हणून नकाशा हातात आला की मी पहिल्यांदा हे पाहते की ‘सुरुवातीचा टप्पा’ म्हणताना त्यांनी काय मोजलं आहे. शून्यावा टप्पा धरला आहे का? फक्त पहिला धरला आहे, की पहिला आणि दुसरा दोन्ही? अमेरिकी नोंदणीच्या पद्धतीत स्तनापुरता मर्यादित, आसपासच्या लिम्फ नोडपर्यंत गेलेला आणि दूर पसरलेला असे तीन गट करतात. त्यातला ‘स्तनापुरता’ हा गट आणि ‘लवकर सापडलेला’ हे एक नव्हे. सहा सेंटिमीटरची गाठ लिम्फ नोडमध्ये गेली नसेल, तर ती ‘स्तनापुरती’ आहे, पण तिला लवकर सापडलेली कोण म्हणेल?

नोंदणीच्या टेबलावर हे कसं घडतं ते दाखवते. समोर फाइल आहे. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये गाठीचा आकार २.० × १.८ × १.५ सेंमी, काखेतले दोन लिम्फ नोड तपासले, दोन्ही स्वच्छ. मोठं माप धरायचं, ते दोन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे पहिला टप्पा. हेच माप २.१ आलं असतं तर दुसरा. दुसरी फाइल: एका छोट्या दवाखान्यात ‘साधी गाठ’ म्हणून काढून टाकली, तपासायला पाठवली, कर्करोग निघाला. गाठीचं माप लिहिलेलं नाही, काख तपासलेली नाही, छातीचा फोटोही नाही. आता टप्पा कोणता लिहायचा? लिहिता येत नाही. ‘अज्ञात’ असा शेरा पडतो. तिसरी फाइल: शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्ये गाठ १.२ सेंमी आणि लिम्फ नोड स्वच्छ. नवखा नोंदणीकार पटकन पहिला टप्पा लिहून मोकळा होईल. पण रिपोर्टच्या कोपऱ्यात टप्प्याच्या अक्षरांआधी ‘वायपी’ अशी दोन अक्षरं आहेत. त्याचा अर्थ, शस्त्रक्रियेआधी केमो झाली होती. मागची पानं उलटली तर पहिल्या भेटीत गाठ सहा सेंमीची होती आणि काखेतल्या गाठी हाताला लागत होत्या. ही बाई तिसऱ्या टप्प्यात आली होती. केमोने गाठ आटली, ही चांगली गोष्ट, पण तिची नोंद ‘लवकर सापडलेली’ म्हणून झाली तर त्या भागाचं चित्रच खोटं होतं.

अज्ञात टप्प्याचा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. ज्यांचा टप्पा नोंदला जात नाही त्यांत बऱ्याचदा फार आजारी बायका असतात, पुढच्या तपासण्यांना पोचूच न शकलेल्या असतात, निदान ऐकून घरी परतलेल्या असतात. त्यांना हिशोबातून वगळलं की उरलेल्यांत सुरुवातीच्या टप्प्याची टक्केवारी छान दिसू लागते. त्यामुळे ज्या तक्त्यात ‘अज्ञात’चा रकानाच नाही, त्याच्यावर मी विसंबत नाही.

पत्त्याचंही तसंच. दूरची बाई उपचारासाठी मोठ्या गावात येते, नातेवाइकांकडे उतरते, आणि केस पेपरवर तोच पत्ता लिहिते, कारण पत्र आणि फोन तिथे यायचे असतात. नोंद त्या मोठ्या गावाच्या खात्यात जाते, आणि ती जिथून आली तिथला दर तेवढ्याने खाली येतो. चांगल्या नोंदणीत ‘कायमचा राहण्याचा पत्ता’ वेगळा विचारतात आणि किती वर्षं तिथे राहता तेही विचारतात. सगळीकडे विचारतातच असं नाही.

शिवाय छोट्या भागांत आकडे आपोआप वरखाली होतात. एखाद्या भागात वर्षभरात १६ बायकांना हा आजार झाला असेल, तर निव्वळ योगायोगाच्या हिशोबाने तिथला खरा सरासरी आकडा ९ ते २६ मध्ये कुठेही असू शकतो. शेजारच्या भागात ८ निघाले म्हणून ‘इथे दुप्पट’ असा मथळा करता येतो, पण त्या मथळ्यात फारसं काही नसतं. पाच वर्षांचे आकडे एकत्र करून पाहावेत, आणि वयानुसार प्रमाणित केलेले आहेत ना तेही पाहावं. स्तनाचा कर्करोग वयाबरोबर वाढतो. जिथे वयस्कर बायका जास्त, तिथे कच्चा दर जास्त येणारच.

आता पाण्या-हवेचा प्रश्न. तो विचारणं गैर नाही, उलट स्वाभाविक आहे. जगात काही ठिकाणी हाच प्रश्न घेऊन लोक उभे राहिले आणि त्यातून मोठे अभ्यास झाले. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा दर जास्त दिसत होता. तिथल्या बायकांनी आवाज उठवला आणि १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून त्याचा अभ्यास करायला लावला. डीडीटीसारखी कीटकनाशकं आणि पीसीबी ही रसायनं यांच्यावर मुख्य संशय होता. रक्तातलं त्यांचं प्रमाण तपासलं गेलं, आणि २००२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा या रसायनांशी आजाराचा संबंध दिसला नाही.

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचा हा सुखवस्तू भाग. १९९० च्या दशकात तिथला दर इतका चढला की त्याची देशभर चर्चा झाली. तिथेही लोकांचा पहिला संशय पर्यावरणावर होता. पण तिथल्या बायका कोण होत्या ते पाहा: शिकलेल्या, पहिलं मूल उशिरा झालेल्या, मुलं कमी असलेल्या, नियमित मॅमोग्राफी करून घेणाऱ्या, आणि पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेण्याचं प्रमाण मोठं. जुलै २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला, की पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेतल्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या. २००३ मध्ये अख्ख्या अमेरिकेचा दर आदल्या वर्षापेक्षा ६.७ टक्क्यांनी उतरला, आणि मरीनमध्येही तो खाली आला. पाणी तेच, हवा तीच.

म्हणजे भागाभागांत खरा फरक नसतोच असं माझं म्हणणं नाही. तो असतो, आणि चांगला मोठा असतो. एके काळी अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांमधला दर चीन-जपानमधल्या दराच्या चार ते सात पट होता. तो निव्वळ वंशाचा फरक नव्हता, हे स्थलांतर केलेल्या कुटुंबांवरून कळलं. आशियातून अमेरिकेत गेलेल्या बायकांचा धोका पिढीगणिक वाढत गेला आणि तिथल्या बायकांच्या जवळ पोचला. बाळंतपणांची संख्या, पहिल्या बाळंतपणाचं वय, अंगावर पाजण्याचा काळ, पाळी सुरू होण्याचं आणि जाण्याचं वय, पाळी गेल्यानंतरचं वजन, दारू या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २००२ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. शिकून नोकरी करणाऱ्या आणि उशिरा आई होणाऱ्या बायका ज्या भागात जास्त, तिथला दर खरोखरच जास्त असतो. यात त्या बायकांचा दोष काडीचाही नाही. बहुतेकदा तपासणीची सोयही त्याच भागात जास्त असते, आणि त्यामुळे ‘खरा जास्त’ आणि ‘सापडलेला जास्त’ यांची सरमिसळ होते.

ही सरमिसळ सोडवायची कशी? इथे माझं ठाम मत आहे. सुरुवातीच्या टप्प्याचा आकडा एकटा वाचायचाच नाही. त्याच्या शेजारी पुढच्या टप्प्याचा दर ठेवायचा, आणि तोही टक्केवारीत नव्हे, दर लाख बायकांमागे.

समजण्यासाठी तीन भाग कल्पू या. आकडे माझे, हिशोबापुरते. प्रत्येकात चाळिशीपुढच्या एक लाख बायका. पहिल्या भागात वर्षाला सुरुवातीच्या टप्प्यातले १२० आणि पुढच्या टप्प्यातले ३०. दुसऱ्यात ४० आणि ४०. तिसऱ्यात १६० आणि ४०. नकाशा फक्त सुरुवातीच्या टप्प्याचा असेल तर दुसरा भाग सर्वांत निरोगी वाटेल आणि तिसरा सर्वांत वाईट. टक्केवारी पाहिली तर पहिला आणि तिसरा सारखे, दोन्हीकडे ८० टक्के बायका लवकर सापडलेल्या, आणि दुसरा मागासलेला. पण पुढच्या टप्प्याचा दर पाहिला की वेगळंच दिसतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात दोन्हीकडे लाखात ४० बायका उशिराच सापडताहेत. तिसऱ्या भागात लवकर सापडलेल्यांची एवढी भर पडूनही उशिरा सापडणाऱ्या कमी झालेल्या नाहीत. एक तर तिथे आजारच मुळात जास्त आहे, किंवा जे सापडतंय त्यातलं बरंचसं असं आहे जे कधी पुढे गेलंच नसतं. पहिला भाग तेवढा तपासणीचा खरा लाभ झाल्यासारखा दिसतो, आणि तिथेही मृत्यूदर पाहिल्याशिवाय मी शिक्का मारणार नाही.

हे केवळ कागदावरचं नाही. अमेरिकेत १९७६ ते २००८ या काळात चाळिशीपुढच्या बायकांमध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगाचा दर लाखामागे ११२ वरून २३४ वर गेला. पुढच्या टप्प्याचा १०२ वरून ९४ वर आला. १२२ वाढले, ८ कमी झाले. २०१२ मध्ये हे छापून आलं तेव्हा वैद्यकविश्वात खडाजंगी झाली. मूळ आजारच त्या काळात वाढत होता की नाही यावर हिशोब पालटतो, आणि तो वाद पूर्ण मिटलेला नाही. पण दोन आकडे शेजारी ठेवायची सवय त्या वादाने अनेकांना लावली. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ५४७ काउंट्यांची तुलना झाली. ज्या काउंटीत मॅमोग्राफी करून घेणाऱ्यांचं प्रमाण १० टक्के-अंकांनी जास्त, तिथे निदानं १६ टक्के जास्त, मुख्यतः छोट्या गाठींची. मृत्यूंमध्ये मात्र त्या प्रमाणात फरक नव्हता. भागांच्या सरासरीवरून एकेका बाईबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, ही अशा अभ्यासांची मर्यादा आहेच. पण तुमच्या नकाशाच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही: नकाशावरचा गडद रंग बऱ्याच अंशी तपासणीचा रंग असू शकतो.

युरोपात हेच आपोआप घडलेल्या प्रयोगांतून दिसलं. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला १९९१ मध्ये आणि फ्युन बेटावर १९९३ मध्ये स्क्रीनिंग, म्हणजे काही त्रास नसलेल्या बायकांना बोलावून मॅमोग्राफी, सुरू झालं. बाकी बहुतेक देश पुढची कित्येक वर्षं तसाच राहिला. नॉर्वेत १९९६ ला चार काउंट्यांपासून सुरुवात झाली आणि देशभर पोचायला सुमारे नऊ वर्षं लागली. एकच देश, पण या वर्षांत नकाशा काढला असता तर काही भाग एकदम गडद दिसले असते, फक्त तिथे मॅमोग्राफी आधी पोचली म्हणून.

यावरून मॅमोग्राफी निरुपयोगी आहे असं कुणी मनात आणू नये. स्वीडनमध्ये कोपारबर्ग आणि ओस्टरयोटलांड या दोन काउंट्यांत १९७७ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत मॅमोग्राफीला बोलावलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी आढळले. ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये सगळ्या चाचण्यांचा हिशोब मांडला. पन्नाशीपासून २० वर्षं स्क्रीनिंगला बोलावलेल्या १०,००० बायकांमागे ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ बायकांना असा कर्करोग सापडतो ज्याने त्यांना आयुष्यात कधी त्रास दिला नसता. दोन्ही बाजू बायकांना सांगायला हव्यात. माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी हेच दोन आकडे सांगते आणि ठरवणं तिच्यावर सोडते. बहुतेक जणी तपासणी करून घेतात. काही जणी विचार करून नाही म्हणतात, त्याचाही मी मान ठेवते.

माझी खरी काळजी मात्र फिक्या भागांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार अतिविकसित देशांत १२ पैकी एका बाईला आयुष्यात स्तनाच्या कर्करोगाचं निदान होतं आणि ७१ पैकी एकीचा त्याने मृत्यू होतो. विकास निर्देशांकात तळाला असलेल्या देशांत २७ पैकी एकीलाच निदान होतं, पण मृत्यू ४८ पैकी एकीचा. ही दोन वाक्यं पुन्हा एकदा वाचा. निदान निम्म्याहून कमी आणि मृत्यू दीडपट. निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण २०१० ते २०१४ या काळात अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ९० टक्क्यांच्या आसपास होतं, भारतात ६६ आणि दक्षिण आफ्रिकेत ४०. लवकर निदान झालं की जगण्याचा काळ मोजायला आधी सुरुवात होते, त्यामुळे यातला थोडा फरक कागदावरचा असतो. पण ९० आणि ४० मधलं अंतर कागदावरचं नाही.

फरकाचा काही भाग गाठींच्या स्वभावातही असतो. संप्रेरकांवर पोसणाऱ्या गाठी सावकाश वाढतात, त्यामुळे तपासणीच्या जाळ्यात सहज येतात. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ गाठी, म्हणजे ज्यांवर संप्रेरकांचे दोन्ही ग्राहक आणि हर-२ हे प्रथिन यांतलं काहीच सापडत नाही अशा, झपाट्याने वाढतात, दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच डोकं वर काढतात, आणि आफ्रिकी वंशाच्या व तरुण बायकांत त्यांचं प्रमाण जास्त आढळतं. पण केवळ यावर बोट ठेवून हात झटकता येत नाहीत, कारण उशीर कमी करता येतो हे प्रत्यक्षात करून दाखवलेलं आहे. मलेशियाच्या सारावाक प्रांतात १९९४ पासून दवाखान्यांतल्या आणि ग्रामीण केंद्रांतल्या परिचारिकांना स्तन तपासायला शिकवलं आणि भित्तिपत्रकं, पत्रकं वाटून बायकांना माहिती दिली. मॅमोग्राफीची मोठी मोहीम नाही, महागडी यंत्रं नाहीत. १९९३ मध्ये तिथल्या ६० टक्के बायका पुढच्या टप्प्यात येत होत्या. १९९८ मध्ये ३५ टक्के. मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासणी केली. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या केसेस ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही. हे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले.

अशा मोहिमेच्या पहिल्या एक-दोन वर्षांत त्या भागाचा सुरुवातीच्या टप्प्याचा दर एकदम चढतो. वर्षानुवर्षं दबून राहिलेल्या गाठी एकदम बाहेर येतात. ते वर्ष नकाशात पकडलं गेलं तर लोक घाबरतात, आणि ‘तपासणीने कर्करोग वाढला’ असंही बोललं जातं. दर वाढला आणि पाठोपाठ काही वर्षांत पुढच्या टप्प्याचा दर उतरू लागला, तर काम नीट चाललंय. नुसताच वाढत राहिला आणि पुढचा तिथेच राहिला, तर मोहीम चालवणाऱ्यांना प्रश्न विचारायला हवेत.

तेव्हा तुमच्याबद्दल. तुम्ही जिथे आहात तिथून हलायची गरज नाही. तुमचा स्वतःचा धोका तुमच्या भागाच्या सरासरीवरून ठरत नाही. आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, कोणत्या वयात, हे आधी पाहा. असेल तर ४२ व्या वर्षी वाट पाहू नका, जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला. नसेल तर नियमित मॅमोग्राफी केव्हा सुरू करायची यावर देशोदेशी मतं वेगळी आहेत. अमेरिकेतल्या सल्लागार मंडळाने २०२४ मध्ये ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी असं सांगितलं. दक्षिण कोरियात चाळिशीपासून दर दोन वर्षांनी होते. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी बोलावतात. त्याच ४२ व्या वर्षाची बाई एका देशाच्या मोजणीत येते आणि दुसऱ्याच्या येत नाही. देशांच्या दरांची तुलना करताना याचाही फरक पडतो. नकाशा कुणी काढला ते कळत असेल, तर त्यांना तीन गोष्टी मागा: पुढच्या टप्प्याचा लाखामागचा दर, टप्पा अज्ञात असलेल्यांची संख्या, आणि दोन्ही भागांत गेल्या दोन वर्षांत मॅमोग्राफी झालेल्या बायकांचं प्रमाण. ताईंच्या भागात पहिले दोन आकडे मोठे आणि तिसरा छोटा निघाला, तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

आणि आता ताई. डॉक्टर आधी दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडावरचा भाग हाताने तपासतील. मग दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी आणि जाड लागतंय त्या जागेची सोनोग्राफी. मॅमोग्राफी स्वच्छ आली म्हणून हाताला लागणारी गाठ निकालात निघत नाही, तेव्हा एवढ्यावर ‘काही नाही’ म्हणून परत पाठवलं तर सोनोग्राफी मागून घ्या. चित्रात शंका आली तर जाड सुईची बायॉप्सी, जागा बधिर करून, दवाखान्यातच होते. सुई लावल्याने कर्करोग पसरतो ही भीती मनात असेल तर ती काढून टाका. एक मात्र नक्की सांभाळा: बायॉप्सी न करता ‘सरळ काढून टाकू’ असं कुणी म्हणालं तर थांबा आणि आधी बायॉप्सी मागा. नाहीतर मघाच्या त्या दुसऱ्या फाइलसारखं होतं, गाठ गेलेली असते, तिचं मापही राहत नाही आणि ती कडेपर्यंत पूर्ण निघाली का हेही कळत नाही. बायॉप्सीच्या तुकड्यावर ईआर, पीआर (संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-२ या तिन्ही तपासण्या झाल्या आहेत ना ते रिपोर्टवर पाहा. दाखवायला गेल्यापासून निदान हाती येईपर्यंत ६० दिवसांपेक्षा जास्त लागू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेचं उद्दिष्ट आहे. ताईंचा पहिला महिना घरीच गेला आहे. तुम्हाला जमत असेल तर सोबत जा, एक वही न्या, आणि पहिल्या भेटीची तारीख पहिल्या पानावर लिहून ठेवा.